आधी कोणते भगदाड बुजवावे? : संगणकाच्या इशाऱ्यांची हकीगत



२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी थांबले. क्रेन शाबूत होत्या, वीज होती, माणसे कामावर हजर होती. परंतु कोणता कंटेनर कोणत्या जहाजावर चढवावयाचा आणि कोणता कोणत्या ट्रेलरवर उतरवावयाचा हे सांगणारे संगणक मुके झाले होते. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीच्या परिवारातले, आणि त्या दिवशी मर्स्कचे संगणक जगभर बंद पडत होते. युक्रेन देशातील हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रॅममधून हा रोग निघाला होता. त्याला नॉटपेट्या असे नाव पडले. पुढे कंपनीने सांगितले की, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचे झाले.

आता गंमत अशी की, हा रोग ज्या वाटांनी पसरला त्यांतील एक वाट विंडोजमधल्या एका दोषाची होती, आणि तो दोष बुजविणारे ठिगळ, ज्याला संगणकवाले पॅच म्हणतात, ते मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे साडेतीन महिन्यांपूर्वीच, दिले होते. मध्यंतरी १२ मे रोजी याच दोषातून वॉनाक्राय नावाची दुसरी साथ येऊन गेली होती आणि ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले होते. ठिगळ लावले असते तर जूनमध्ये सगळेच वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. एका यंत्रातून चोरलेल्या किल्ल्यांनी दुसरे यंत्र उघडावयाचे, ही वाटही त्या रोगाला ठाऊक होती. तथापि इशारा आलेला असताना, औषध दारात आलेले असताना, जेथे जेथे ते ठिगळ लागले नव्हते तेथे ते का लागले नव्हते, हा प्रश्न उरतोच.

आम्ही संगणकाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण त्या कचेरीत तीस वर्षे बसलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. तक्रार लिहून घेणे सोपे असते. टेबलावर पडलेल्या चाळीस तक्रारींपैकी आज कोणती घेऊन मॅनेजरच्या खोलीत शिरावयाचे, हे ठरविणे कठीण असते. कॅन्टीनचा चहा पाणचट आहे ही तक्रार साठ सह्यांनिशी येते. प्रेसच्या मशीनची जाळी निघाली आहे ही तक्रार एकटा माणूस, तीही तोंडी, जाता जाता सांगून जातो. सह्या मोजणारा पुढारी पहिली तक्रार घेऊन जातो आणि महिन्याभराने इस्पितळात बसलेला असतो. संगणकाच्या जगाला हीच विद्या शिकावयास पस्तीस वर्षे लागली. ती पुरती आली आहे असेही नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या लेखी आज्ञा. या आज्ञांच्या लक्षावधी ओळी माणसांनी लिहिलेल्या असतात, आणि माणूस लिहितो तेथे चूक राहते. बहुतेक चुका निरुपद्रवी. काही मात्र अशा की त्यांतून परक्याला आत शिरता येते. अशा चुकीचा शोध लागला म्हणजे इशारा निघतो. अमुक प्रोग्रॅमच्या अमुक आवृत्तीत भगदाड आहे, ते बुजवा. हकीगत या इशाऱ्यांची आहे.

तिची सुरुवात २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री होते. कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस हा विद्यार्थी. त्याने स्वतःची नक्कल करीत एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा एक प्रोग्रॅम सोडला. इंटरनेटला तेव्हा जेमतेम साठ हजार यंत्रे जोडलेली होती. त्यांतील सहा हजार आजारी पडली असा अंदाज सांगतात. ज्या भगदाडांतून तो शिरला ती काही जाणत्यांना आधीपासून माहीत होती. परंतु आम्हांला त्या रात्रीची दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. प्रकरण हाताबाहेर जात आहे हे पाहून मॉरिसच्या एका मित्राने, रोग कसा थांबवावा हे सांगणारे निनावी पत्र पहाटे संगणकाच्या टपालाने धाडले. ते वेळेवर कोणालाच मिळाले नाही. टपाल नेणारी यंत्रेच रोगाने तुंबलेली होती, नाही तर भीतीने बंद केलेली होती. पत्र पोहोचेपर्यंत बर्कली आणि एमआयटी येथील मंडळींनी स्वतःच उपाय शोधून काढला होता. पहिलाच मोठा इशारा, आणि तो वाटेत अडकला!

त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अमेरिकन सरकारच्या पैशाने सर्ट नावाची कचेरी निघाली. भगदाडाची खबर घ्यावयाची, बनविणाऱ्या कंपनीला कळवावयाची, ठिगळ तयार झाले की जाहीर करावयाचे, अशी तिची रीत होती. रीत सभ्य होती; पण कंपन्या महिनोन् महिने स्वस्थ बसत. म्हणून १९९३ साली बगट्रॅक नावाची उघडी टपाल-यादी सुरू झाली. तिचा बाणा असा की, दोष सापडला की चारचौघांत सांगून टाकावयाचा. मग कंपनी हालते. युनियनमध्ये आम्ही याला फलकावर लावणे म्हणतो. फलकावर लावल्याने मॅनेजर हालतो हे खरे, आणि फलक चोरही वाचतो हेही खरे. हा वाद त्या जगात अद्याप मिटलेला नाही. आम्ही त्यात पडत नाही.

इशारे वाढले तशी भाषेची अडचण आली. एकाच भगदाडाला प्रत्येक कंपनी निराळे नाव देई. कारकुनाच्या टेबलावर पाच कागद पडत आणि दोष पाच आहेत की एक, हे त्याला कळत नसे. मायटर या संस्थेतील डेव्हिड मॅन आणि स्टीव्हन क्रिस्टी यांनी जानेवारी १९९९ मध्ये अशी सूचना मांडली की, प्रत्येक दोषाला एकच क्रमांक द्यावा, मग नाव कोणी काहीही ठेवो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिली यादी निघाली. तिला सीव्हीई म्हणतात. तीत ३२१ नोंदी होत्या. २०२४ या एका वर्षात नव्या नोंदी ४०,००० च्या वर गेल्या. म्हणजे रोज शंभराहून अधिक, सुट्टीचा वारही न सोडता.

मधल्या काळात धडे मिळत होते. जुलै २००१ मध्ये कोड रेड नावाच्या रोगाने एका दिवसात साडेतीन लाखांवर सर्व्हर धरले. त्याचे ठिगळ महिन्याभरापूर्वी निघालेले होते. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर आला आणि दहा मिनिटांत, होय, दहा मिनिटांत, त्याला सापडण्यासारखी बहुतेक सगळी यंत्रे त्याने गाठली. ठिगळ सहा महिन्यांपूर्वीचे होते. ज्या मायक्रोसॉफ्टने ते काढले, तिची स्वतःचीही काही यंत्रे त्यात सापडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने ठिगळांचा वार ठरविला, महिन्याचा दुसरा मंगळवार. ज्यांना यंत्रे सांभाळावयाची असतात त्यांना निदान कामाची पाळी आधी कळू लागली. आम्हांला ही सुधारणा दिसते तेवढी लहान वाटत नाही.

मग आले गुण. इतके दोष, तर त्यांत मोठा कोणता आणि किरकोळ कोणता? २००५ साली शून्य ते दहा अशी तीव्रतेची मोजपट्टी निघाली. सीव्हीएसएस हे तिचे नाव. भगदाड दुरून वापरता येते की जवळ जाऊन, किल्ली लागते की नाही, नुकसान किती, असे प्रश्न विचारून गणित मांडावयाचे. मोजपट्टी चांगली होती. तिचा उपयोग वाईट झाला. अधिकाऱ्यांना आकडा मिळाला की विचार करण्याचे श्रम वाचतात. सातच्या वर असेल ते आधी, खालचे मग, असे फर्मान निघाले की काम संपले.

या फर्मानाची परीक्षा ७ एप्रिल २०१४ रोजी झाली. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्रॅम संकेतस्थळांशी होणारे बोलणे कुलपात ठेवतो. बँकेत पैसे पाठविताना आपण पासवर्ड टाकतो तो यासारख्याच कुलपात असतो. त्यात हार्टब्लीड नावाचे भगदाड सापडले. बाहेरच्या माणसाने नुसते विचारावे आणि सर्व्हरने स्मरणातला तुकडा काढून द्यावा, पुन्हा विचारावे, पुन्हा द्यावा. पासवर्ड, गुप्त किल्ल्या, जे हाती लागेल ते. दोन वर्षे हे भगदाड उघडे होते. जगभर धावपळ उडाली. कॅनडाच्या कर खात्यातून ९०० नागरिकांचे क्रमांक चोरीस गेले. आणि मोजपट्टीवर याचे गुण किती? दहापैकी पाच. कारण गणिताप्रमाणे यंत्र बंद पडत नव्हते, त्यातले काही बदलत नव्हते, फक्त 'थोडी' माहिती बाहेर जात होती. काय माहिती, हे गणिताने विचारलेच नव्हते. तीव्रता म्हणजे धोका नव्हे, हे मोजपट्टी सांभाळणाऱ्या संस्थेने पुढे २०१९ साली स्वतःच स्पष्ट लिहिले.

जाता जाता एक सांगावयाचे राहते. ज्या कुलपावर निम्मे जग विसंबून होते ते सांभाळणारा पूर्ण वेळ पगारी माणूस तेव्हा एक होता, आणि देणगी वर्षाला २,००० डॉलरांच्या आसपास येत असे. कुलूप सगळ्यांचे, मजुरी कोणाचीच नाही.

तर पाच गुणांचे भगदाड जगाला घाम फोडते. मग दहापैकी दहा गुणांचे असले, त्याचा इशारा वेळेवर मिळाला, आणि तो वाचलाही गेला, तर सगळे ठीक होते काय? यासाठी अटलांटा शहरातील एक्विफॅक्स कंपनीची हकीगत थोडी सावकाश ऐकली पाहिजे.

ही कंपनी लोकांची पत नोंदविते. कोणी कर्ज घेतले, कोणी फेडले, कोणी बुडविले, याची वही. अमेरिकेतील बहुतेक प्रौढ माणसे त्या वहीत आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही. ७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स या प्रोग्रॅममधील भगदाड जाहीर झाले. त्याला पूर्ण दहा गुण मिळाले. ८ मार्चला सरकारी इशारा कंपनीकडे आला. ९ मार्चला कंपनीच्या सुरक्षा खात्याने तो आतल्या चारशेहून अधिक माणसांना धाडला. असे दोष अठ्ठेचाळीस तासांत बुजवावे असा कंपनीचा नियमही होता. १५ मार्चला तपासणीचे यंत्र फिरविले. त्याला काही सापडले नाही. कागदोपत्री प्रकरण मिटले.

भगदाड मात्र उघडेच होते, आणि ते कोठे होते म्हणाल तर तक्रारीच्या खिडकीला! आपल्या नोंदीत चूक आहे असे ज्या ग्राहकाला वाटेल त्याने ती कळवावी, यासाठी जी व्यवस्था होती, जिचे मूळ १९७० च्या दशकातले, तिच्यात हा प्रोग्रॅम होता. १३ मे रोजी चोर तेथून आत आले आणि अडीच महिने आत राहिले. जाणारा माल तपासणारी चौकी होती. पण तिचे प्रमाणपत्र मुदत संपून एकोणीस महिने झाले होते, म्हणून ती आंधळी होती. २९ जुलैला कोणी तरी नवे प्रमाणपत्र घातले आणि त्याच दिवशी चोरी दिसली. तोवर १४ कोटींहून अधिक माणसांची नावे, जन्मतारखा आणि सरकारी क्रमांक गेले होते.

२ ऑक्टोबर २०१७ रोजी कंपनीने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ केले. त्याने ते पत्र पुढे धाडले नाही, हा ठपका. दुसऱ्याच दिवशी, आधीच निवृत्ती घेतलेले मुख्याधिकारी रिचर्ड स्मिथ अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बसले आणि त्यांनी सांगितले की, ठिगळ लावण्यास ज्याने कळवावयाचे त्या माणसाने कळविले नाही. एक माणूस, एक पत्र.

श्रोतेहो, ते वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या ऐन उमेदीतली गोष्ट आहे. एका कारखान्यात एका स्विचबोर्डातून ठिणग्या उडत. ती तक्रार रजिस्टरात तीनदा लिहिलेली. तीनही वेळा पुढे 'नोंद घेतली' असा शेरा आणि सही. चौथ्या महिन्यात एका हेल्परचे दोन्ही हात भाजले. चौकशी झाली आणि वायरमनला निलंबित केले, कारण त्याने पाळी बदलताना पुढच्या वायरमनला सांगितले नव्हते. बोर्ड बदलण्यासाठी लाइन चार तास बंद ठेवावी लागते आणि ती परवानगी वायरमनच्या हाती नसते, हे चौकशीत कोणी विचारले नाही. आम्ही विचारले, तर विषयांतर करू नका म्हणाले. रजिस्टर भरलेले होते. आम्हीही त्या काळी रजिस्टर भरले म्हणजे आपले काम झाले असे समजत असू. तीनदा लिहून घेणारे आम्हीच होतो.

एक्विफॅक्सचा तो अधिकारी काही आमच्या वर्गातला नव्हे. मोठ्या पगाराचा साहेब होता. पण न्याय न्याय असतो. अमेरिकेच्या लेखापरीक्षण खात्याने ऑगस्ट २०१८ मध्ये आणि काँग्रेसच्या समितीने त्या वर्षीच्या डिसेंबरात अहवाल दिले, ते वाचण्यासारखे आहेत. पत्र चारशे जणांना गेले, परंतु पत्त्यांची यादी जुनी होती; ज्यांनी ठिगळ लावावयाचे त्यांच्याच हाती ते पडले नाही. कोणता प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर आहे याची पुरी मोजदाद कंपनीपाशी नव्हती. सुरक्षेचा प्रमुख संगणक खात्याच्या प्रमुखाच्या हाताखाली नव्हता, कायदा खात्याच्या हाताखाली होता; दोन प्रमुखांचे जुने बिनसले होते म्हणून ही सोय वर्षांपूर्वी केलेली. हा प्रकार पूर्णपणे टाळता आला असता, असे समितीने म्हटले. एक पत्र पुढे न धाडणे हे या साऱ्यात कितवे कारण होते?

चारशे जणांना कळविणे म्हणजे कोणालाच न सांगणे, हे कोणत्याही शाखेच्या चिटणीसाने त्यांना सांगितले असते. मोर्चाचे पत्रक चारशे हातांत देता येते. शिडी धरावयास मात्र माणूस नावाने सांगावा लागतो.

यानंतरची सुधारणा खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. २०१९ साली काही अभ्यासकांनी दहा वर्षांचे सुमारे ७६,००० दोष तपासले. त्यांतले चोरांनी प्रत्यक्ष वापरलेले निघाले शंभरात पाच-सहा. बाकीची भगदाडे खरी, पण त्यांतून कोणी शिरताना आढळला नाही. दुसरीकडे, साधारण संस्थेला महिन्याकाठी दहांतला एखादाच दोष बुजविता येतो असेही दिसून आले. म्हणजे हात दहांतल्या एकाला पुरतात, आणि धोका वीसांतल्या एकाचा आहे. निवड बरोबर केली तर हात पुरतात! सातच्या वरचे सगळे आधी, या फर्मानाने मात्र ते कधीच पुरत नाहीत. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने एक आखूड यादी काढली. जे दोष चोर खरोखर वापरीत आहेत तेवढेच तीत. पहिल्या दिवशी तीनशेच्या आत. नव्या दोषाला साधारण दोन आठवड्यांची मुदत, आणि सरकारी खात्यांना ती बंधनकारक. पुढच्याच महिन्यात लॉगफोरजेचे भगदाड निघाले, तेही दहापैकी दहाचे. तो प्रोग्रॅम इतक्या प्रोग्रॅमांच्या पोटात दडलेला होता की, 'आमच्याकडे तो आहे काय' एवढेच शोधण्यात लोकांचा नाताळ गेला. एक्विफॅक्सपाशी जी मोजदाद नव्हती, ती पुष्कळांपाशी नव्हती असे तेव्हा उघड झाले.

या साऱ्याच्या मागे बसणारी माणसे थोडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दोष-कोशात नोंदी तपासून गुण देण्याचे काम जवळजवळ थांबले आणि हजारो नोंदी तशाच पडून राहिल्या. एप्रिल २०२५ मध्ये तर सीव्हीई क्रमांक देणाऱ्या संस्थेचा सरकारी करारच संपत आला. मुदतीच्या तोंडावर तो अकरा महिने वाढविला गेला. सारे जग ज्या क्रमांकांवर विसंबून होते त्यांचे भवितव्य त्या आठवड्यात करार-कामगारासारखे टांगलेले होते.

आपल्याकडे जानेवारी २००४ पासून सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिचे इशारे निघतात, त्यांवर तीव्रताही लिहिलेली असते. ते वाचणारा एक मुलगा आमच्या ओळखीचा आहे. एका लहानशा पतसंस्थेत कंत्राटावर आहे. युनियनच्या कामासाठी आला आणि या विषयाची गोडी आम्हांला त्यानेच लावली. आम्ही त्याला विचारले, "अरे, इतके इशारे येतात, तू आधी कोणता घेतोस?"

"काका, आधी आपल्याकडे काय काय आहे ते लिहून काढलं," तो म्हणाला. "बाहेरून कशाला हात लावता येतो त्यावर खूण केली. मग त्यातलं चोर आज काय वापरताहेत ते बघतो. एवढं केलं की महिन्याला चार-पाचच उरतात."

"मग ते चार-पाच होतात ना?"

त्याने पिशवीतून वही काढली. डाव्या रकान्यात दोषाचा क्रमांक, मग यंत्राचे नाव, मग 'सर्व्हर दोन तास बंद ठेवण्याची परवानगी मागितली' याची तारीख, आणि कोणाकडे मागितली त्याचे नाव. शेवटचा रकाना उत्तराचा होता. तीन ठिकाणी सही होती. दोन ठिकाणी तो कोरा होता, आणि त्या दोन्हींपुढे पुन्हा मागितल्याच्या तारखा त्याने लाल शाईने लिहून ठेवल्या होत्या.

आम्ही त्याला म्हटले, या वहीची एक प्रत घरी ठेव.